लोन घेऊन कॉलेज निवडताय? आधी हप्ता काढा, मग चॉइस भरा

बारावीचा रिझल्ट लागला की आमच्या इंदूरच्या रामबागेत घरोघरी तोच विषय, कोणतं कॉलेज, आणि पैशाचं विचारलं की म्हणतात बँक देतेय ना लोन, नोकरी लागली की फेडेल. मागच्या जूनमध्ये माझी भाचीपण हेच म्हणत होती, म्हणून तिला कॅलेंडरच्या जुन्या पानामागे हिशोब करायला बसवलं, तोच इथे देतेय.

धरा फी वर्षाला २ लाख, चार वर्षांचे ८ लाख, व्याज १० टक्के. शिकत असताना आणि त्यानंतर वर्षभर बहुतेक हप्ता नसतो, पण व्याज मात्र बँकेने पैसे दिल्या दिवसापासून चढत असतं, आणि हेच घरात कुणी बोलत नाही. पहिल्या वर्षीच्या २ लाखांवर पाच वर्षांचं १ लाख, दुसऱ्या वर्षीच्यावर ८० हजार, मग ६०, मग ४०. झाले २ लाख ८० हजार. म्हणजे हप्ता सुरू होईल त्या दिवशी डोक्यावर १० लाख ८० हजार, आणि दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला साधारण १४,३००. भाचीने पेन खाली ठेवलं. "मावशी, पगार पंचवीसच असला तर?" तर उरतात १०,७००, त्यात पुण्यात खोलीचं भाडंही आणि डबाही.

म्हणून हिशोब उलटा करा. माझ्या मते हप्ता हातात येणाऱ्या पगाराच्या चौथ्या हिश्श्याच्या वर जाऊ नये. २५ हजारांवर सव्वासहा हजार, म्हणजे याच व्याजाने लोन साडेतीन लाखांच्या आसपास, बस. पगाराचा अंदाज बॅनरवरच्या हायेस्ट पॅकेजवरून बांधू नका, एनआयआरएफला, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज रँकिंगला, दिलेली माहिती कॉलेजच्या वेबसाइटवर असते, त्यात किती मुलं पास झाली, किती जणांना नोकरी लागली आणि मीडियन पगार, म्हणजे निम्म्या मुलांना ज्याच्यापेक्षा कमी आणि निम्म्यांना जास्त मिळतो तो मधला आकडा, किती ते बघा.

आणि इंदूरच्या मुलांनो, घरी राहून शिकता येत असेल तर ते सोडू नका, हॉस्टेल आणि मेसचे पैसेसुद्धा शेवटी लोनमध्येच जातात. १९५२ पासूनचं एसजीएसआयटीएस हे इंजिनिअरिंग कॉलेज इथेच आहे, देवी अहिल्या विद्यापीठाचं (डीएव्हीव्ही) इंजिनिअरिंग कॉलेज आयईटी खंडवा रोडला आहे, आधी यांची फी बघा, मग बाहेरचं. मध्य प्रदेशचं डोमिसाइल असेल तर मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना नक्की तपासा, एमपी बोर्डात ७० किंवा सीबीएसईत ८५ टक्के आणि इंजिनिअरिंगला जेईई मेनमध्ये दीड लाखाच्या आतली रँक लागते, उत्पन्नाची अटही आहे, पण बसलात तर लोनची गरजच खूप कमी होते.

फी विचारताना सगळी लेखी मागा. आम्हाला एका खासगी कॉलेजात फोनवर जो आकडा सांगितला तो फक्त ट्यूशन फीचा निघाला, बस, परीक्षा, डिपॉझिट वेगळंच, काउंटरवर गेल्यावर कळलं, फार राग आला होता. खासगी कॉलेजांची फी राज्याची फी समिती ठरवते, तिच्या यादीशी ताडून बघा.

बँकेत जाताना एवढं माहीत असू द्या. सरकारी बँकांत ४ लाखांपर्यंत साधारण मार्जिन, म्हणजे खर्चातला आपल्या खिशातून भरायचा हिस्सा, लागत नाही, साडेसात लाखांच्या वर गेलात की तारण मागतात. मोठ्या रँकिंगच्या कॉलेजांसाठी पीएम विद्यालक्ष्मी योजना आहे, त्यात तारण नाही, जामीनदार नाही, आणि घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांच्या लोनवर शिकत असतानाच्या व्याजात ३ टक्के सूट. इन्कम टॅक्समधली एज्युकेशन लोनच्या व्याजावरची सूट (८०ई म्हणून ओळखतात ती) जुन्या रिजिममध्येच मिळते.

आणि जमत असेल तर शिकतानाच व्याज भरत जा. वरच्याच उदाहरणात पहिल्या वर्षी महिन्याला १,६७० च्या आसपास पडतं, शेवटच्या वर्षी ६,७०० होतं, पण मग हप्ता १४,३०० ऐवजी साधारण १०,६०० राहतो, आणि काही बँका अशा लोकांना व्याजदरातही थोडी सवलत देतात, सही करायच्या आधी विचारून घ्या.

भाचीने त्या रात्री लिस्टमधून दोन कॉलेजं खोडली. सगळ्यात वर जे ठेवलं तिथे घरून सिटी बसने जाता येतं.