इलेक्ट्रोलेस निकेलची टाकी: निकेलला बसायला जागाच ठेवायची नाही

साधं निकेल, म्हणजे करंट देऊन चढवायचं निकेल प्लेटिंग, वर्षानुवर्षं केलेला माणूस इलेक्ट्रोलेसकडे, म्हणजे बिनकरंटच्या प्लेटिंगकडे वळला की पहिला विचार हाच करतो, जुनी रबर लाइनिंगची टाकी रिकामी पडलीय ना, मग तीच घेऊ. नका घेऊ. रबरातला गंधक गरम बाथमध्ये, म्हणजे टाकीतल्या प्लेटिंगच्या सोल्युशनमध्ये उतरतो आणि बाथ मंद पडतो किंवा जॉब, म्हणजे प्लेट करायचा भाग, काळपट निघतो. खरं कारण त्याहून मोठं आहे. साध्या निकेलमध्ये करंट जाईल तिथेच निकेल बसतं. इथे करंट देणारा रेक्टिफायर नाही, ॲनोड नाही, सोल्युशनमधलं हायपोफॉस्फाइट हे रसायनच विरघळलेल्या निकेलचा धातू करतं आणि एकदा बसलेलं निकेल पुढच्या निकेलला बोलावून घेतं. जॉब कुठला आणि टाकी कुठली हे बाथला कळत नाही, म्हणून टाकीची प्रत्येक गोष्ट ठरवताना एकच विचारायचं, इथे निकेल बसायला सुरुवात होईल का?

आधी माप. टाकीचं माप रोजच्या जॉबच्या पृष्ठभागावरून काढा, शेडमध्ये किती जागा आहे त्यावरून नको. मी लिटरला साधारण एक चौरस डेसिमीटर धरतो. फार जास्त जॉब कोंबले तर बाथ अस्थिर होतो, फारच कमी असले तर कडांना निकेल धरत नाही. आतून १०० बाय ७० सेंटीमीटर, ८५ खोल, आणि सोल्युशन ७० पर्यंत भरलं तर ४९० लिटर होतात, भोसरी-चाकणकडच्या छोट्या जॉबवर्कला हे माप पुरतं. जॉब टांगायचा रॅक भिंतीपासून १० आणि तळापासून १५ सेंटीमीटर लांब राहिला पाहिजे.

मटेरियल म्हणाल तर माझं मत पॉलिप्रॉपिलीन (पीपी), नॅचरल म्हणजे बिनरंगाचं, व्हर्जिन, १२ एमएम शीट. फॅब्रिकेटर स्वस्तात राखाडी रिप्रोसेस्ड शीट देऊ बघतो, घेऊ नका, नॅचरल शीटवर निकेलचा काळसर ठिपका लगेच दिसतो आणि तेच तर आपल्याला हवंय. वेल्डिंग आतून गुळगुळीत करून घ्या, कोपरे शक्यतो शीट वाकवून करा. गरम झाल्यावर पीपी भयंकर वाढतं, मीटरभर लांबीची टाकी ३० वरून ९० डिग्रीला गेली की जवळजवळ ९ एमएम लांब होते, म्हणून बाहेरची एमएसची (साध्या स्टीलची) फ्रेम घट्ट आवळायची नाही, जागा सोडायची, नाहीतर जोड तडकतात. स्टेनलेस ३१६ ची टाकीपण चालते, पण तिला थोडा पॉझिटिव्ह करंट देऊन कायम पॅसिव्ह, म्हणजे निकेल धरणार नाही अशी, ठेवावं लागतं, आणि ते युनिट बंद पडलं की अख्खी टाकीच जॉब बनते. ज्याच्याकडे रोज लक्ष देणारा माणूस आहे त्यानेच या भानगडीत पडावं.

आमच्याकडे एकदा जॉब धरायची जिग हातातून सुटून तळावर आपटली, बोटभर ओरखडा पडला, कुणी लक्ष दिलं नाही. तिसऱ्या दिवशी मी जॉब बाहेर असताना टॉर्च मारून आत बघितलं तर तळातून बारीक बुडबुड्यांची एक सरळ रेघ वर येत होती. जॉब नाही तरी हायड्रोजन येतोय म्हणजे तिथे निकेल बसतंय. बाथ उपसला तर तळहाताएवढा चकचकीत पत्रा, नखाने उचलला तर कागदासारखा निघाला. त्यात गेलेलं निकेल आपल्याच पैशाचं.

हीटिंगमध्ये सगळ्यात जास्त चुका होतात. बाथ चालतो ८५ ते ९० डिग्रीला पण हीटरच्या अंगाला तापमान त्याहून वर जातं आणि निकेल सगळ्यात आधी तिथेच धरतं. ४९० लिटर २५ वरून ९० ला न्यायला विजेची साधारण ३७ युनिट लागतात, तीन तासात न्यायचं तर साडेबारा किलोवॅट, वर वाफेतून जाणारी उष्णता धरून मी १८ बसवतो. टेफ्लॉन कोटेड हीटर घ्या आणि दर चौरस सेंटीमीटरला दीड वॅटच्या आत ठेवा, म्हणजे हीटर मोठा दिसेल, दिसू द्या. बॉयलर असेल तर टेफ्लॉन कॉइलमधून गरम पाणी फिरवणं अजून चांगलं. आणि लेव्हल कमी झाली की हीटर बंद करणारा फ्लोट स्विच आणि वेगळा ओव्हर-टेम्परेचर कट, हे दोन्ही पाहिजेतच, पीपीच्या टाकीत कोरडा हीटर म्हणजे सरळ आग.

हीटरला बाथ फिरवणाऱ्या पंपाशी इंटरलॉक करा, पंप बंद तर हीटर बंद. लाईट गेली की हीटर बंद होतो पण त्याच्या अंगाला थांबलेलं सोल्युशन तापतच राहतं, म्हणून पंप आणि बाथ ढवळायला हवा सोडणारा ब्लोअर जनरेटरवर ठेवा, आणि जनरेटर यायच्या आत जॉब बाहेर काढायची सवय पोरांना लावा.

पंप तासाला दहा वेळा बाथ फिरवेल एवढा हवा, म्हणजे इथे ५,००० लिटर फिल्टरमधून, बॅग भरली की फ्लो पडतो म्हणून ७,००० चा घ्या. बॅग पीपीची, १ ते ५ मायक्रॉन, आणि वापरायच्या आधी गरम डीएम (क्षार काढलेल्या) पाण्यातून काढा कारण नवीन बॅगेवर तेल-साबण असतं. पाइपिंग पीपीचं, साधी पीव्हीसी ६० डिग्रीलाच मऊ पडते. पितळेचा एकही व्हॉल्व्ह किंवा निपल नको.

ढवळायची हवा ब्लोअरची, कॉम्प्रेसरची कधीच नाही, तेल येतं. ब्लोअरचं तोंड नायट्रिक ॲसिडच्या आणि क्रोमच्या शेडपासून लांब. झाकण दोन भागांचं करा, त्याने वाफ आणि वीज दोन्ही वाचतात, आणि कडेला वाफ ओढून घेणारा लिप एक्झॉस्ट हवाच, हायड्रोजन साचू द्यायचा नाही.

जागा आणि पैसा असेल तर टाक्या दोनच घ्या. एकीत बाथ चालतो, दुसरीत बसलेलं निकेल ४० ते ५० टक्के नायट्रिकने विरघळवून ती धुवून ठेवायची, मग दोघींची अदलाबदल. आमच्याकडे गुरुवारी सुट्टी म्हणून बुधवारी संध्याकाळी बाथ थंड करून धुवून तयार असलेल्या दुसऱ्या टाकीत पंप करायचा, रिकाम्या टाकीतले जाड पत्रे आधी हाताने काढायचे आणि मगच नायट्रिक भरायचं, नाहीतर तांबडा धूर उठतो आणि तो फुफ्फुसाला फार वाईट. रात्रभर ठेवलं की धुवून, पातळ अमोनिया फिरवून, परत धुवून नायट्रेट पट्टीने तपासायचं. पट्टीवर रंग आला तर परत धुवायचं, नायट्रेट बाथमध्ये गेलं की प्लेटिंग अडतं. ही दुसरी टाकी रिकामी आणि स्वच्छ असेल तर अडचणीतही कामाला येते, बाथ दूध फाटतं तसा फाटायला लागला, काळी पावडर आणि जोरात फेस, की हीटर बंद, तिकडे उपसायचा आणि गार डीएम पाणी ओतायचं.

ड्रेन वेगळा ठेवा. वापरून संपलेल्या बाथमधलं निकेल कॉम्प्लेक्समध्ये, म्हणजे दुसऱ्या रसायनांशी, बांधलेलं असतं, चुना टाकून ते सहज खाली बसत नाही, म्हणून ते इतर रिन्सच्या (जॉब धुण्याच्या) पाण्यात मिसळून ईटीपीला, म्हणजे सांडपाण्याच्या प्लांटला, ढकलू नका, पूर्ण प्लांट फेल जाईल.

सगळं बसलं की बाथ लगेच भरू नका. डीएम पाणी भरून ९० डिग्रीला एक पूर्ण शिफ्ट चालवा, चार कोपऱ्यांत आणि तळात थर्मामीटर धरा, दोन डिग्रीपेक्षा जास्त फरक आला तर रिटर्न पाइपची दिशा बदला. भिंत किती फुगते बघा, जोड बघा, मग नायट्रिक, मग बाथ, आणि पहिला जॉब भंगारातली पट्टी. आणि टॉर्च टाकीच्या शेजारच्या खांबाला दोरीने बांधून ठेवा, ऑफिसच्या खणात नको.