टेन्साइल टेस्टच्या आकड्यांतून के आणि एन कसे काढायचे

माइल्ड स्टीलचा पत्रा ताणत गेलं की तो कडक होत जातो. हे कडक होणं मांडायला होलोमनचं १९४५ चं सूत्र बहुतेक वेळा पुरतं:

खरा स्ट्रेस = के × (खरा स्ट्रेन)^एन

स्ट्रेस म्हणजे दर क्षेत्रफळामागचं बल, स्ट्रेन म्हणजे लांबीच्या प्रमाणात झालेली वाढ. के हा ताकदीचा आकडा, एन धातू किती झपाट्याने कडक होतो त्याचा. आकडेमोड सोपी आहे. घोळ होतो तो आलेखाचा कोणता तुकडा घ्यायचा यात.

यूटीएमवर (नमुना ओढणाऱ्या चाचणी मशीनवर) स्ट्रेन एक्स्टेन्सोमीटरनेच, म्हणजे थेट नमुन्याची लांबी मोजणाऱ्या उपकरणानेच मोजा. क्रॉसहेडच्या (मशीनच्या सरकत्या आडव्या भागाच्या) आकड्यात ग्रिपमधली घसरण आणि मशीनचं स्वतःचं ताणणंही मिसळलेलं असतं. स्ट्रेस-स्ट्रेन आलेखातल्या सुरुवातीच्या सरळ रेषेचा चढ (यंग मॉड्युलस) २०० गिगापास्कलच्या आसपास हवा. फारच कमी आला तर शंका इथेच घ्या.

मग रूपांतर करा. इंजिनिअरिंग आकडे नमुन्याच्या मूळ मापांवरून काढलेले असतात, खरे त्या-त्या क्षणाच्या मापांवरून. खरा स्ट्रेस = इंजिनिअरिंग स्ट्रेस × (१ + इंजिनिअरिंग स्ट्रेन). खरा स्ट्रेन म्हणजे त्याच कंसाचा नॅचरल लॉग. कमाल लोडनंतर नेकिंग (नमुना एकाच जागी बारीक होत जाणं) सुरू होतं आणि ही सूत्रं लागू राहत नाहीत, म्हणून पुढचे आकडे टाकून द्या. यील्डजवळचा (धातू कायमचा ताणायला लागतो तिथला) सपाट, दातेरी भागही नको: तिथे ल्यूडर्स पट्टे, म्हणजे आधी ताणल्या गेलेल्या भागांचे पट्टे, सरकत असतात, आख्खा नमुना एकसारखा ताणलेला नसतो.

उरलेल्या भागात दोन्हींचे लॉग घेऊन सरळ रेषा बसवा. तिचा चढ म्हणजे एन. समजा १०% स्ट्रेनला २६२ आणि २०% ला २८४ मेगापास्कल आहेत. खरे आकडे होतात ०.०९५३ ला २८८ आणि ०.१८२३ ला ३४१. त्यावरून एन सुमारे ०.२६, के सुमारे ५३० मेगापास्कल. प्रत्यक्षात दोनावर भागवू नका. वीसेक बिंदू घ्या, तेही लॉग अक्षावर समान अंतराने, नाहीतर मोठ्या स्ट्रेनचे दाट बिंदू रेषा आपल्याकडे ओढतात.

पडताळा कॉन्सिदेरच्या अटीने (नेकिंग कधी सुरू होतं ते सांगणाऱ्या नियमाने) घ्या: होलोमन खरं असेल तर कमाल लोडला खरा स्ट्रेन एनइतकाच असतो. ०.२६ म्हणजे जवळपास ३०% इंजिनिअरिंग स्ट्रेन. नमुना २०% लाच नेकिंगला आला असेल, तर तुकडा चुकला आहे किंवा सूत्रच या धातूचं नाही. ॲल्युमिनियमच्या बऱ्याच मिश्रधातूंत लॉग-लॉग रेषा वाकते. तिथे स्ट्रेसला वरची मर्यादा धरणारं व्होसचं सूत्र बरं.

संगणकावरच्या सिम्युलेशनला प्लास्टिक स्ट्रेन (लोड काढल्यावरही उरणारा) लागतो: खऱ्या स्ट्रेनमधून (खरा स्ट्रेस ÷ यंग मॉड्युलस) वजा करा. स्ट्रेस-स्ट्रेनचं टेबल नेकिंगपाशीच संपवलं तर अबॅकस हे सिम्युलेशन सॉफ्टवेअर पुढे स्ट्रेस स्थिर धरतं आणि स्ट्रेन एकाच जागी खोटा साचतो. होलोमनने वाढवलेला वक्र चढतच राहतो, व्होसचा सपाट होतो. दोन्ही लावून चालवा आणि उत्तरांत किती अंतर पडतं ते बघा.