व्यायामाने डोकं कसं चालतं आणि चेहरे कसे कळायला लागतात : घरच्या घरी करून बघा

एकदा दिवसभर खुर्चीत बसून काम केलं होतं आणि संध्याकाळी एका मैत्रिणीचा मेसेज आला, दोनच शब्द, "बघू नंतर". मी वाचला आणि माझं डोकंच फिरलं, म्हटलं हिला आता बोलायचंही जड झालंय, आणि चांगलं चार ओळींचं टोचणारं उत्तर टाइपसुद्धा करून ठेवलं. पाठवायच्या आधी पाय मोकळे करायला म्हणून बाहेर पडले, अर्धा तास भरभर चालले, परत येऊन तोच मेसेज उघडला तर त्यात राग कुठेच दिसेना, दमलेल्या माणसाने घाईत लिहिलेले दोन शब्द होते ते. दुसऱ्या दिवशी कळलं की ती तेव्हा दवाखान्यात रांगेत उभी होती. त्या दिवसापासून मी चालण्याच्या आधीचं आणि नंतरचं वहीत लिहायला लागले.

व्यायाम म्हटलं की वजन, पोट आणि पावलं किती झाली एवढंच आपण मोजतो. व्यायामानंतरच्या दोन तीन तासांत आपण विचार कसा करतो, कोणाशी कसं बोलतो, समोरच्याचा चेहरा नीट वाचतो का, याकडे कोणी बघतच नाही आणि माझ्या मते खरी कमाई तिथे आहे. ती पदरात पाडून घ्यायची तर व्यायाम कधी केला, किती जोरात केला आणि संपल्यावर लगेच काय केलं हे बघावं लागतं. त्यासाठी एक वही, चार रंगांची स्केचपेनं आणि सेकंद काटा असलेलं घड्याळ पुरतं.

आधी डोक्यात काय होतं ते थोडक्यात

मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी २० टक्क्यांच्या आसपास तो एकटा खातो. चाललो, पळालो की हृदय जास्त रक्त ढकलतं आणि शिवाय बीडीएनएफ नावाचं एक प्रथिन वाढतं. १९८२ मध्ये ते पहिल्यांदा डुकराच्या मेंदूतून वेगळं काढलं गेलं. मेंदूतल्या पेशी जगवणं, त्यांच्यातले धागे घट्ट करणं हे त्याचं काम, रोपाला खत घालावं तसं. १९९९ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं की ज्यांच्या पिंजऱ्यात पळायचं चाक होतं त्यांच्या मेंदूत हिप्पोकॅम्पस या भागात नव्या पेशी जास्त तयार झाल्या. हा भाग म्हणजे नवीन आठवणी साठवायची जागा.

माणसांचं काय, तर २०११ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला, मला तो फार आवडतो कारण त्यात काहीच अवघड करायला लावलं नव्हतं. ५५ ते ८० वयाची १२० माणसं घेतली, अर्ध्यांना आठवड्यातून ३ दिवस चालायला लावलं, हळूहळू वाढवत ४० मिनिटांपर्यंत नेलं, उरलेल्यांना नुसते ताण देण्याचे आणि हलके व्यायाम दिले. वर्षभराने चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस साधारण २ टक्क्यांनी वाढलेला निघाला आणि दुसऱ्या गटाचा सुमारे १.४ टक्क्यांनी आकसलेला. या वयात तो आकसणं हेच नेहमीचं असतं, त्यामुळे उलटी दिशा दिसणं ही मोठी गोष्ट. पण हे वर्षभराचं काम आहे हेही लक्षात घ्या.

एका दिवसाच्या व्यायामाचा फायदा वेगळा असतो. अर्धा तास चालून आल्यावर थोडा वेळ लक्ष चांगलं लागतं, मनाला आवर घालणं सोपं जातं, एका कामातून दुसऱ्यात शिरताना अडखळायला कमी होतं. फायदा छोटा असतो, एका फेरीत कोणी हुशार होत नाही, पण तो नेमका अवघड कामाच्या आधी मिळाला तर त्याचं मोल वाढतं.

आणि भावनांचं असं आहे की आपलं मन खचलेलं असलं की साधा, निर्विकार चेहराही आपल्याला नाराज वाटतो. व्यायामाने मूड हलका झाला की हा चष्मा बराच उतरतो. शिवाय चेहरा वाचायला लक्ष लागतं आणि लक्ष तर व्यायामाने सुधारतंच. माझ्या मेसेजचंही तेच झालं असणार.

पहिली पायरी : आज आपण कुठे आहोत ते मोजा

हे लोक टाळतात आणि मग महिन्याभराने म्हणतात काही फरकच पडला नाही. मोजलंच नाही तर फरक दिसणार कसा?

विचारांसाठी सगळ्यात सोपी चाचणी म्हणजे जॉन रिडली स्ट्रूप यांची, त्यांनी १९३५ मध्ये मांडलेली. कागदावर लाल, निळा, हिरवा, काळा हे शब्द उलटसुलट ४० वेळा लिहा, पण प्रत्येक शब्द चुकीच्या रंगाच्या पेनाने. म्हणजे "लाल" हिरव्या पेनाने, "काळा" निळ्याने असं. आता शब्द न वाचता शाईचा रंग मोठ्याने म्हणत जायचं. हिरव्या शाईतला "लाल" समोर आला की जीभ "लाल" म्हणायला आधीच तयार असते, तिला दाबून "हिरवा" म्हणावं लागतं आणि मध्ये जी अडखळ होते ना, तीच आपण मोजतोय. पूर्ण कागदाला किती सेकंद लागले आणि किती चुका झाल्या ते लिहून ठेवा.

एक गोष्ट मात्र पक्की करा. नुसत्या सरावानेही वेळ कमी होतो, त्यामुळे पहिल्या चार पाच वेळा सोडून द्या, वेगवेगळ्या क्रमाचे तीन कागद करून ते आलटून पालटून वापरा, आणि व्यायाम नसलेल्या दिवशीही त्याच वेळेला चाचणी घ्या. नाहीतर सरावाचं श्रेय व्यायामाला जाईल.

चेहऱ्यांसाठी असं करा. आधी न बघितलेल्या एखाद्या मुलाखतीचा किंवा मालिकेचा तुकडा आवाज बंद करून लावा, दर काही सेकंदांनी थांबवा आणि चेहऱ्यावर काय दिसतंय ते एका शब्दात लिहा. आनंद, दुःख, राग, भीती, आश्चर्य, किळस हे सहा शब्द सुरुवातीला पुरतात, मानसशास्त्रात पॉल एकमन यांनी हीच सहा नावं रूढ केली. मग तोच तुकडा आवाजासकट बघा आणि ताळा करा. आनंद जवळपास सगळ्यांना ओळखता येतो, भीती सगळ्यात जास्त चुकते आणि बहुतेक वेळा आश्चर्य म्हणून चुकते, कारण दोन्हींत डोळे विस्फारलेले असतात. भीतीत भुवया वर जाताना एकमेकींकडे ओढल्या जातात आणि ओठ आडवे ताणले जातात, आश्चर्यात भुवया कमानीसारख्या गोल होतात आणि जबडा सैल खाली पडतो. एवढं एक कळलं तरी तुमचे बरेच मार्क वाढतील.

दुसरी पायरी : जोर किती लावायचा

चालताना बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये, हा मध्यम जोर. गाणं आरामात म्हणता येत असेल तर वेग वाढवा, वाक्य पूर्ण करायला मध्येच श्वास घ्यावा लागत असेल तर तो जोरकस व्यायाम झाला. डोकं चालण्यासाठी मध्यम जोराची २० ते ३० मिनिटं चांगली, त्याला यंत्र लागत नाही, पट्टा लागत नाही.

दम लागेपर्यंत पळणं वाईट नाही, हृदयाला ते चांगलंच, पण अगदी छाती फुटेस्तोवर पळताना आणि संपल्यावर लगेच नीट विचार होत नाही, शरीराला तेव्हा तोल आणि श्वासच सांभाळायचा असतो. म्हणून परीक्षा, प्रेझेंटेशन, हिशेब असं काही पुढ्यात असेल त्या दिवशी मध्यमच ठेवा. आणि पोट रिकामं, पाणी प्यायलेलं नाही, झोप चार तास, अशा अवस्थेत व्यायाम करून डोकं चालेल अशी अपेक्षा धरू नका. झोप कमी असली की चेहरेही नीट वाचता येत नाहीत, त्या दिवशी आधी झोप काढा.

तिसरी पायरी : नंतरचा अर्धा तास जपा

मला या सगळ्यात हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि याबद्दल बोललं मात्र फार कमी जातं.

१९७२ मध्ये डॉल्फ झिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. काही लोकांना आधी मुद्दाम डिवचलं आणि मग दमवणारा व्यायाम करायला लावला. ज्यांना डिवचलं होतं आणि जे दमले होते, ते नंतर जास्त आक्रमक वागले. म्हणजे व्यायामाने उसळलेलं शरीर रागाच्या कामी आलं. पुढच्या प्रयोगांत आणखी एक बारीक गोष्ट कळली : व्यायाम संपल्या संपल्या छाती धडधडतेय ती व्यायामाने, हे माणसाला माहीत असतं. धोका त्यानंतरच्या काही मिनिटांत असतो, तेव्हा आपल्याला वाटतं मी आता शांत झालो पण शरीर अजून उतरलेलं नसतं, आणि तेवढ्यात कोणी काही बोललं की ती उरलेली धडधड आपण त्या माणसाच्या नावावर टाकतो.

म्हणून असं करा. शेवटची पाच मिनिटं वेग कमी करत थांबा. मग मनगटावर बोटं ठेवून १५ सेकंद नाडी मोजा, चारने गुणा. सकाळी उठल्यावरच्या तुमच्या आकड्याच्या बऱ्यापैकी जवळ येईपर्यंत फोन उघडू नका, घरातला कुठलाही वादाचा विषय काढू नका, कोणी काढला तर "दहा मिनिटांनी बोलूया" म्हणा. हात पाय धुवा, पाणी प्या. नाडी उतरली की मात्र वेळ घालवू नका, दिवसातलं सगळ्यात अवघड काम किंवा सगळ्यात नाजूक बोलणं तेव्हा करा. माझ्याकडून बरीच वर्षं उलटं होत होतं, व्यायाम करून यायचे आणि तो छान वेळ फोन चाळण्यात घालवायचे.

नाडी मोजण्याचा दुसराही उपयोग होतो. धडधड, घाम, गरम झालेले कान हे सगळं शरीरातून येतं हे रोज अनुभवलं की हळूहळू स्वतःच्या भावनेलाही नाव देता येतं, ही भीती आहे, हा राग आहे, ही नुसती दमणूक आहे. व्यायामानंतर एका वाक्यात लिहा : शरीर कसं आहे, मन कसं आहे.

चौथी पायरी : आठवड्यातून एकदोनदा माणसांसोबत करा

एकट्याने ट्रेडमिलवर चालण्यात वाईट काही नाही, पण चेहरे वाचायला शिकायचं तर समोर चेहरा पाहिजे. बॅडमिंटन, फुटबॉल, जोडीने नाच, अगदी दोघांनी बॉल फेकून झेलणं. बॅडमिंटनमध्ये समोरचा खांदा वळवतो, क्षणभर नजर टाकतो आणि त्यावरून शटल कुठे येणार हे ओळखून पाय हलवावे लागतात, अंदाज चुकला तर तिथल्या तिथे बदलावा लागतो. म्हणजे शरीर, निर्णय आणि समोरच्याचा हेतू ओळखणं असं तिन्ही एकाच वेळी.

खेळ जमत नसेल तर कोणाबरोबर तरी चाला, इअरफोन काढून, आणि परतीच्या वाटेवर त्याला सरळ विचारा, "मगाशी तू गप्प झालास तेव्हा वैतागला होतास का?" तुमचा अंदाज बरोबर होता की चूक ते लगेच कळतं. हा प्रश्न विचारायला सुरुवातीला कसंतरी होतं पण याच्याइतका चांगला सराव मला तरी दुसरा माहीत नाही.

आठवड्याचं गणित

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम सांगितलाय, सोबत निदान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम. मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं. ६५ च्या पुढच्यांनी तोल सांभाळण्याचे व्यायामही आठवड्यातून तीन दिवस करावेत. इतकं नाही जमलं तर दहा मिनिटांपासून सुरुवात करा, काहीच न करण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

छातीत दुखलं, चक्कर आली तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा, आधीपासून हृदयाचा त्रास असेल तर सुरू करण्याच्या आधीच विचारा. आणि उदासी खूप दिवस हटत नसेल तर एकट्याने व्यायामाच्या भरवशावर राहू नका. ड्यूक विद्यापीठात १९९९ मध्ये नैराश्य असलेल्या १५६ लोकांवरच्या अभ्यासात १६ आठवड्यांनी व्यायामाचा फायदा औषधाच्या तोडीचा निघाला होता हे खरं, पण तो व्यायाम देखरेखीखाली होता आणि औषधाचा परिणाम लवकर सुरू झाला होता. चालू गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत, व्यायाम त्यांच्या जोडीला ठेवायचा.

चार आठवडे झाले की वही काढा आणि व्यायामाचे दिवस आणि सुट्टीचे दिवस वेगळे करून शेजारी शेजारी लिहा : स्ट्रूपचे सेकंद, चेहऱ्यांचे बरोबर आलेले अंदाज, आणि ते एका वाक्यातलं मन. मग सकाळी केलेला आणि संध्याकाळी केलेला व्यायामही तसाच वेगळा काढून बघा. माझ्या वहीत आकडे सकाळी चांगले आहेत पण घरातल्यांशी भांडण टळलेल्या बहुतेक नोंदी संध्याकाळच्या आहेत, म्हणून मी तीस मिनिटांची दोन भागांत वाटणी केली, सकाळी पंधरा कामाच्या आधी आणि संध्याकाळी पंधरा घरात शिरायच्या आधी.