ठरावीक कोनात धार लावणाऱ्या संचासाठी सुटी साधने घेण्यापूर्वी

चाकू पकडीत आवळून, रॉडला लावलेला दगड एकाच कोनात फिरवून धार लावण्याचा संच ज्यांनी घेतला आहे किंवा जे घेणार आहेत, त्यांच्यासाठी ही सुट्या साधनांची यादी आहे. कापड, पाणी, चांगला उजेड आणि न हलणारे टेबल यांबद्दल काही सांगण्याची गरज नाही. यादीत पहिली येणारी वस्तू अनेक संचांच्या खोक्यात नसते आणि मागच्या खरेदीत माझ्याकडूनही नेमकी तीच राहिली. त्यामुळे तिच्याविषयी अधिक लिहिले आहे आणि पुढेही ती पुन्हा पुन्हा येणार आहे.

ती वस्तू म्हणजे उभ्या दांड्यावर (रॉडचा सांधा ज्यावर वर-खाली होतो त्यावर) बसवायचे स्टॉप कॉलर, म्हणजे दगडांच्या जाडीतला फरक भरून काढणारे कडे. रॉड ज्या सांध्यातून सरकतो त्याची उंची एकदा बांधली की कोनही कायमचा बांधला गेला असे वाटते, पण ते सर्व दगडांची जाडी सारखी असेल तरच खरे असते. एक दगड दुसऱ्यापेक्षा 3 मिलिमीटर जाड असेल आणि सांध्यापासून धारेपर्यंतचे अंतर 200 मिलिमीटर असेल, तर कोनात सुमारे 0.9 अंशाचा फरक पडतो. जाड दगडाने कोन कमी होतो, त्यामुळे दगड धारेच्या उताराचा वरचा काठ घासत राहतो आणि प्रत्यक्ष धारेला स्पर्शही करत नाही. उतार आरशासारखा चकाकतो, मात्र चाकू कापत नाही. पातळ दगडाने उलट घडते: धारेच्या अगदी टोकाशी एक अरुंद वेगळा उतार तयार होतो आणि पुढचा दगड लावेपर्यंत ते लक्षातही येत नाही. कडे दांड्याच्या व्यासाचेच हवे. 8 मिलिमीटरच्या दांड्यावर 10 मिलिमीटरचे कडे तिरके बसते, म्हणून मागवण्यापूर्वी दांडा व्हर्नियरने मोजावा. ग्रब स्क्रूने (डोके नसलेल्या छोट्या स्क्रूने) आवळायचे कडे दांड्यावर ओरखडे पाडते आणि पुढे सांधा त्याच खाचेत अडकू लागतो. चिरलेले, सगळीकडून सारखे आवळले जाणारे कडे थोडे महाग असले तरी तेच घ्यावे. वापर अवघड नाही. सर्वांत जाड दगड लावून हवा तो कोन साधावा, सांध्याच्या वर टेकवून कडे आवळावे आणि पातळ दगड लावताना जाडीत जितका फरक असेल जवळजवळ तितकाच सांधा खाली घ्यावा. पुन्हा जाड दगड आला की सांधा कड्याला टेकेपर्यंत वर न्यावा. त्यासाठी प्रत्येक दगडाची जाडी व्हर्नियरने मोजून दगडाच्या पाठीवर लिहून ठेवावी. ही पायरी गाळू नये.

डिजिटल कोनमापक हवाच, परंतु तो कड्याला पर्याय आहे असे समजू नये. कोनमापकाने दगड बदलताना दरवेळी मोजता येते हे खरे; पण काम रंगात आले की दरवेळी कोणी मोजत नाही, आणि नेमका तेव्हाच घोटाळा होतो. 0.1 अंशापर्यंत आकडा दाखवणारे यंत्र पुरेसे आहे, त्याहून सूक्ष्म आकड्यांसाठी पैसे घालू नयेत. आधी पकडीच्या सपाट भागावर शून्य करावे आणि मगच ते दगडावर किंवा रॉडवर ठेवावे. यंत्राच्या तळाशी चुंबक असते आणि त्याला पोलादाचा बारीक कीस चिकटतो. काळ्या मिशांसारखा तो कीस बोटाने पुसला नाही तर यंत्र तिरके बसते आणि आकडा विनाकारण बदलतो. मास्किंग टेपची चिकट बाजू तळावर दाबून उचलली की तो स्वच्छ निघतो.

दगड निवडताना दहा हजार ग्रिटच्या (ग्रिट म्हणजे कणांचा बारीकपणा सांगणारा आकडा) मोहात पडू नये. साधारण 200, 400, 1000 आणि 3000 अशा चार पायऱ्यांत घरगुती चाकूचे सर्व काम होते. ग्रिटचे आकडे मात्र डोळे मिटून जुळवू नयेत, कारण निरनिराळ्या मानकांत एकाच आकड्याचा अर्थ निराळा असतो: पॉलिश पेपरवरील पी 1000 चे कण सुमारे 18 मायक्रॉनचे, जपानी 1000 चे सुमारे 11.5 मायक्रॉनचे आणि घासण्याच्या दगडांसाठीच्या एफ मानकातील 1000 चे तर केवळ 4.5 मायक्रॉनचे असतात. दोन कंपन्यांचे दगड एकत्र वापरायचे असतील तर ग्रिटऐवजी मायक्रॉन विचारावेत. पोलाद कोणते आहे हेही पाहावे. साध्या स्टेनलेस चाकूला ॲल्युमिनियम ऑक्साइडचे दगड चालतात. व्हॅनेडियमचे प्रमाण जास्त असलेल्या पोलादातील कार्बाइडचे कण मात्र त्या दगडापेक्षा कठीण असतात, म्हणून तेथे डायमंड किंवा सीबीएनच (क्युबिक बोरॉन नायट्राइड) घ्यावे. नव्या डायमंड पट्टीवर जोर देऊ नये. सुरुवातीचे ओरखडे खोल असतात आणि कण उपटले गेले तर ते परत येत नाहीत. आणि डायमंडची पट्टी, पाण्याचा दगड, पॉलिश पेपर चिकटवायची ॲल्युमिनियमची पट्टी या तिन्हींची जाडी क्वचितच एक असते. पेपर चिकटवल्यावरची जाडी मोजायची, आधीची नव्हे. कडे मागवले का?

दगड झिजतात आणि मध्ये खोलगट होतात. त्यांना सपाट करण्यासाठी जाड काचेचा तुकडा आणि सिलिकॉन कार्बाइडची 60 ते 90 ग्रिटची भुकटी पुरते. दगडावर पेन्सिलीने जाळी काढावी आणि ती सगळीकडून सारखी पुसली जाईपर्यंत पाणी घालून घासावे. काचेच्या धारदार कडा आधी घासून बोथट करून घ्याव्यात. सपाट केलेला दगड पातळ झालेला असतो, म्हणजे पाठीवर लिहिलेला आकडा जुना झाला. तो खोडून पुन्हा मोजावा.

पकडीच्या बाबतीत दोन अडचणी येतात. पाठीपासून धारेपर्यंत निमुळते होत जाणारे पाते सपाट जबड्यातून सरकते, त्यासाठी पाठीवर मास्किंग टेपचा एक थर लावावा किंवा निमुळत्या पात्यासाठी वेगळे जबडे घ्यावेत. लांब पात्याच्या टोकाकडे सांध्यापासूनचे अंतर वाढत जाते आणि कोन बदलतो. अशा पात्याला दोन पकडी लागतात किंवा ते मध्येच सरकवून पुन्हा आवळावे लागते. पकड कोठे होती याची खूण टेपवर करून ठेवली तर पुढच्या वेळीही पाते त्याच जागी बसते. काळा मार्कर विसरू नये. उतारावर शाई फासून दगड दोनदा फिरवला की दगड कोठे लागतो ते स्पष्ट दिसते: धारेलगत शाई उरली असेल तर कोन कमी आहे, आणि याचे कारण बहुतेक वेळा, पुन्हा सांगतो, दगडाची जाडी हेच असते.

भिंग दहापटीचे घ्यावे. साठपटीचे हातात स्थिर राहत नाही. बर, म्हणजे उलट्या बाजूला वळलेली धातूची कड, पूर्ण लांबीवर आल्याशिवाय पाते उलटवू नये. शेवटच्या हातासाठी चामड्याचा पट्टा आणि 1 मायक्रॉनची डायमंड पेस्ट पुरेशी आहे, एका पट्ट्यावर एकच पेस्ट. चामडे दाबले जाऊन धार गोल करते, म्हणून तेथे कोन एक-दोन अंशांनी कमी ठेवावा. पट्टा सर्वांत जाड असतो, तेव्हा त्याचीही जाडी मोजलीच पाहिजे.

दगडाच्या पट्टीला बोटांच्या आड येणारी मूठ नसेल तर ती घ्यावी, आणि पाते पकडीत बसवताना धारेवर टेप असावी. तेलाचे आणि पाण्याचे दगड एकत्र ठेवू नयेत. पोलादी पाठीच्या डायमंड पट्ट्या धुतल्यावर लगेच पुसून घ्याव्यात, नाहीतर कडेने गंज धरतो. एलन की आणि कोनमापकाचा जादा सेल खोक्यातच टाकावा.