बाबांची मार्करची वही

बाबांच्या अन्ननलिकेच्या कर्करोगावर उपचार सुरू झाले त्या आठवड्यात मी एक दोनशेपानी वही आणली. ट्यूमर मार्करचे, म्हणजे कर्करोगात रक्तात वाढू शकणाऱ्या काही पदार्थांचे, रिपोर्ट वाचायला मी त्या वहीतूनच शिकले.

अशी वही करायची तर आधी बायोप्सीचा रिपोर्ट काढा. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा (अस्तराच्या चपट्या पेशींचा कर्करोग) की ॲडेनोकार्सिनोमा (ग्रंथींच्या पेशींचा), हे पहिल्याच पानावर उतरवा. स्क्वॅमस असेल तर सहसा एससीसी अँटिजेन आणि सायफ्रा २१-१ हे मार्कर बघतात. ॲडेनो असेल तर सीईए आणि सीए १९-९. निदान मात्र एंडोस्कोपी आणि बायोप्सीनेच होतं. मार्कर नॉर्मल असले तरी आजार असू शकतो.

उपचाराआधीचा आकडा लाल शाईने लिहा. पुढचे सगळे आकडे त्याच्याशीच ताडायचे असतात. जो मार्कर तेव्हाही वाढलेला नव्हता, त्याच्यावर पुढे फार विसंबू नका.

मग रकाने आखा: तारीख, लॅब, तपासणीची पद्धत, आकडा, एकक. आणि शेवटचा, सगळ्यांत रुंद रकाना: त्या दिवसांत काय चाललं होतं. एकदा बाबांचा सीईए ३.२ वरून ५.९ वर गेला. ती रात्र आम्ही जागून काढली. सकाळी वही उघडली तेव्हा लक्षात आलं की या वेळी लॅब वेगळी होती. डॉक्टरांना सांगून जुन्या लॅबमध्ये पुन्हा रक्त दिलं, तर आकडा ३.४! वेगवेगळ्या किटचे आकडे एकमेकांशी जुळतीलच असं नाही, म्हणून लॅब शक्यतो बदलू नका.

त्या रुंद रकान्यात काय लिहायचं? सिगारेट चालू असेल तर ते, कारण सिगारेटने सीईए वाढतो. कावीळ झाली असेल तर तेही. तिने सीए १९-९ चढतो. मूत्रपिंडं नीट चालत नसतील तर एससीसी आणि सायफ्रा वाढलेले दिसतात. सोरायसिस किंवा एक्झिमानेही एससीसी वाढतो; इतकंच काय, नमुन्यात थुंकीचा किंवा घामाचा अंश गेला तरी तो खोटा वाढतो. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी सांगा, काही यंत्रांचे आकडे त्याने चुकतात. केमोची तारीख लिहाच. केमोनंतर काही दिवस मार्कर तात्पुरता वर जाऊ शकतो.

वजन आणि गिळताना होणारा त्रासही मी तिथेच लिहायचे. गिळणं अवघड होत चाललं असेल तर मार्कर नॉर्मल आला म्हणून थांबू नका, लगेच कळवा.

वही डॉक्टरांपुढे उघडून ठेवा आणि विचारा: या आकड्यावरून उपचारात काय बदलणार आहे? आमच्या डॉक्टरांनी त्यावर दोन मार्करच्या तपासण्या बंदच केल्या.