साथीच्या दिवसांत डोकं शांत कसं ठेवावं

बडोद्याच्या जुन्या मंडळींना सप्टेंबर १९९४ विचारून बघा. सुरतेत प्लेग आल्याची बातमी फुटली आणि काही दिवसांत लाखो माणसं मिळेल त्या गाडीने शहर सोडून निघाली. दुकानांतून टेट्रासायक्लिन, म्हणजे प्लेगवरचं औषध, गायब झालं. मृत्यू साठाच्या आतच राहिले आणि वेळेवर औषध मिळालं तर तो रोग बराही होतो. पण हे कळेपर्यंत थांबलं कोण?

आधी विचारा, पसरतो कसा?
किती मेले हा प्रश्न नंतर. जुलै २०२४ मध्ये गुजरातेत चांदीपुरा विषाणूची साथ आली. नाव आपल्याच नागपूरजवळच्या गावाचं, विषाणू तिथे १९६५ साली सापडला म्हणून. तो पसरतो वाळूमाशीमुळे. ही बारकीशी माशी भिंतींच्या भेगांत, ओलसर कोपऱ्यांत राहते. म्हणजे त्या साथीत मास्क लावून काही साधणार नव्हतं. भेगा लिंपणं, मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घालणं आणि मच्छरदाणीत झोपवणं, हे खरं काम.
कॉलरा, टायफॉइड, कावीळ असेल तर पाणी उकळा आणि बाहेरची पाणीपुरी काही दिवस विसरा. गोवर, फ्लू, कोविड हवेतून येतात: खिडक्या उघड्या, तोंडाला मास्क, आजाऱ्याची खोली वेगळी. डेंग्यूला आठवड्यातून एकदा कूलर आणि कुंड्यांखालच्या थाळ्या कोरड्या करा; आजाऱ्याला हात लावल्याने तो होत नाही. एवढं कळलं की अर्धी भीती तिथेच उतरते, कारण हाताला काम मिळतं.

बातम्यांना वेळ ठरवून द्या
सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. महापालिका आणि राज्याचा आरोग्य विभाग काय सांगतो ते बघा, मग टीव्ही बंद. रात्री झोपताना तर मुळीच नको.
आकडा वाचताना ‘संशयित’ आणि ‘तपासणीत निश्चित झालेले’ हे वेगळे मोजा. दुसरी गोष्ट आपल्या शहरापुरती. सयाजी हॉस्पिटलात पंचमहाल, दाहोद, छोटा उदेपूरहूनही रुग्ण येतात. तिथे दहा जण दाखल झाले म्हणजे रावपुऱ्यात दहा जण आजारी पडले असं नव्हे.

मेसेज आला तर
‘बधाने फॉरवर्ड करजो’ (सगळ्यांना पुढे पाठवा) असं शेवटी लिहिलेलं दिसलं की बोट आवरा. तारीख आहे का? कोणत्या गावची गोष्ट? सांगतोय कोण? ‘माझा भाचा हॉस्पिटलात कामाला आहे’ हे उत्तर नाही. व्हिडिओ बरेचदा जुनाच निघतो.
पाठवणारे घरातले मोठे असतील तर सगळ्यांदेखत ग्रुपवर खोडून काढू नका, ते हट्टाला पेटतात. वेगळा मेसेज करावा, “काका, ह्याची तारीख बघितलीत का? जुना वाटतोय.” काका बहुधा स्वतःच काढून टाकतात.

घरात काय असावं
थर्मामीटर, पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटं आणि बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या पंधरा दिवस पुरतील इतक्या. बस. अँटिबायोटिकचा साठा करू नये. विषाणूवर ती चालत नाहीत आणि ज्याला खरी गरज आहे त्याला मग मिळत नाहीत. जुलाब सुरू झाले आणि पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचाच घ्या. मीठ अंदाजपंचे टाकायचं नाही, जास्त झालं तर लहान मुलांना अपाय होतो.

वाट बघायची नाही अशी लक्षणं
श्वास लागणं, आकडी, मूल गुंगीत राहणं, सहा-आठ तास लघवी न होणं, पाणीही पोटात न टिकणं. लगेच १०८ ला फोन. साधी शंका असेल तर १०४ ही आरोग्य हेल्पलाइन आहेच.

शेजारी कोणी आजारी असेल तर
सोसायटीच्या ग्रुपवर घर नंबर टाकून बोंब मारू नये. तसं झालं की पुढचा माणूस ताप लपवतो, उशिरा डॉक्टरकडे जातो आणि साथ लांबते. फोन करून काय हवं ते विचारा. खिचडीचा डबा दाराशी ठेवायचा, बेल वाजवायची आणि चार पावलं मागे सरायचं.