मशीनला लागण्यापूर्वी: भरतकामाच्या पिशवीची तयारी

डायलिसिसला न्यायच्या पिशवीची तयारी आदल्या रात्री करायची, सकाळी नाही. पहिली शिफ्ट असली की पहाटे उठून लडी सोडवत बसायचं त्राण कुणाच्याच अंगात नसतं, आणि एकदा मशीनला लागलं की एक हात गेलाच. माझा डावा जातो. फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी हातातली धमनी आणि शीर जोडून केलेली जागा, शक्यतो कमी वापराच्या हातालाच करतात, त्यामुळे सुई धरायचा हात मोकळा राहतो. पण भरतकाम दोन हातांचं काम आहे हे मला चाळीस वर्षं भरूनही कळलं नव्हतं, एक हात चार तास स्थिर ठेवायची वेळ आली तेव्हा कळलं. तेव्हापासून एकच हिशेब: दोन हात लागतील ते सगळं घरी उरकायचं, तिथे फक्त टाका घालायचा.

सुरुवात दोऱ्यापासून. लडी सहा पदरी असते, आणि मॅटीच्या कापडावर फुलीच्या टाक्याला दोन पदर पुरतात. एका हाताने पदर सुटे होत नाहीत. मी दाताने प्रयत्न करून पाहिला आणि सिस्टरांची बोलणी खाल्ली. तेव्हा पदर घरीच सोडवून, कापून, पुठ्ठ्याच्या पट्टीला खाचा पाडून त्यात रंगवार अडकवून ठेवायचे. दोऱ्याची लांबी बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत, त्याहून जास्त नको. लांब दोऱ्याला गुंता होतो, आणि एका हाताने गुंता सोडवणाऱ्या माणसाचं बीपी मशीनला आवडत नाही. गाठीचाही प्रश्न असतो, त्यावर ही युक्ती: एकच पदर दुप्पट लांबीचा घ्यायचा, मधोमध दुमडायचा आणि दोन्ही टोकं सुईत ओवायची. दुसऱ्या बाजूला फास राहतो. पहिला अर्धा टाका घालून सुई मागच्या बाजूला गेली की ती त्या फासातून काढून हलकेच ओढायची. गाठ न मारता दोरा पक्का बसतो. शेवटची टोकं तशीच लोंबती ठेवायची आणि घरी आल्यावर तीन-चार टाक्यांखालून नेऊन कापायची.

म्हणजेच कात्री न्यायची नाही. छोटी नाही, गोल टोकाची नाही, कुठलीच नाही. रक्त वाहणाऱ्या नळ्या वीतभर अंतरावर असतात. तिथे पातं असावं असं मला वाटत नाही, मग हात कितीही सवयीचा असो.

आता सुया. यावर मी जरा जास्त बोलणार आहे. डायलिसिस चालू असताना नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून बहुतेकांना हेपॅरिन देतात, त्यामुळे बोटात साधी सुई गेली तरी रक्त लवकर थांबत नाही. म्हणून मॅटी. तिची भोकं आयती असतात आणि बोथट टोकाची सुई चालते. मलमलीवर किंवा साडीवर भरायला टोकदार सुई लागते, ते काम मशीन नसलेल्या दिवशी घरी. डायलिसिसहून आलेल्या संध्याकाळीही मी टोकदार सुईला हात लावत नाही. उजव्या हाताच्या मधल्या बोटात शिंपी घालतात तसलं टोपण घातलं तर उत्तम. सवय व्हायला आठवडा जातो.

सुया मोजून न्यायच्या. मी सहा नेते, सहाही घरीच ओवून, फ्लॅनेलच्या तुकड्यावर ओळीने टोचून. त्या तुकड्याच्या कोपऱ्यात पेनने ‘६’ लिहिलेलं आहे. निघताना मोजायच्या, हात मोकळा झाल्यावर पुन्हा मोजायच्या. पहिल्या महिन्यात माझी एक सुई चादरीत हरवली. पुढच्या शिफ्टचे काका दारात उभे, मी वजनकाट्यावर, आणि दोन टेक्निशियन गादी उलटी करून बघतायत. सुई माझ्याच शालीत निघाली. कुणी काही बोललं नाही, ते जास्त लागलं. त्या बेडवर दिवसात दोन-तीन माणसं झोपतात आणि चादर बदलणाऱ्या मावशींचे हात उघडे असतात. हिपॅटायटिस बीचा विषाणू अंगाबाहेर, कोरड्या पृष्ठभागावरही 7 दिवस टिकू शकतो. रक्त लागलेली सुई तिथे कुणाला टोचली तर काय होईल, हे डायलिसिसवर असलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणून फ्रिजला लावतात तसलं चपटं चुंबक मी कापडाच्या कोपऱ्यावर ठेवते, दुसरं कापडाखाली. डोळा लागायला लागला की सुई चुंबकावर.

रिंग पाच इंची. आतल्या कड्याला जुन्या सुती साडीची चिंधी गुंडाळून घ्यायची म्हणजे कापड सरकत नाही. कापड घरीच ताणून स्क्रू आवळायचा. आता ही रिंग धरणार कोण? त्यासाठी दहावीच्या मुलांचं परीक्षेचं पॅड. पोटावर उशी, उशीवर पॅड, पॅडच्या क्लिपमध्ये रिंगची कड, आणि रिंग निम्म्याहून जास्त पॅडच्या बाहेर, म्हणजे हात खालूनही जातो. वरून सुई खुपसायची, हात खाली नेऊन ओढायची, खालून वर ढकलायची, हात पुन्हा वर. वेग निम्म्यावर येतो. येऊ दे. आठवड्यातून 3 वेळा 4 तास म्हणजे वर्षाचे 624 तास होतात, घाई कसली?

कापड मात्र लहानच हवं. फिस्टुलाचा हात उघडा आणि सगळ्यांना दिसेल असा ठेवायचा असतो. डायलिसिसची सुई निसटली तर रक्त झरझर जातं, आणि पांघरुणाखाली ते कुणाच्या लक्षात येत नाही. त्यामुळे गोधडी, चादर, मोठा टेबलक्लॉथ हे बाद. मी सात इंची चौकोन भरते आणि घरी जोडते. सध्या भाचीच्या रुखवतासाठी तोरण चाललंय. अकरा चौकोन, प्रत्येकावर एक पक्षी. नात्यातल्या एका बाईंनी विचारलंच, “दवाखान्यात केलेलं रुखवतात चालतं का?” मी म्हटलं, तोरणच आहे, माणसं त्याखालून जातात, कुणी खात नाही.

क्रोशा करणाऱ्यांनी हिरमुसू नये. फिस्टुलाऐवजी मानेत कॅथेटर, म्हणजे डायलिसिसची नळी, असेल तर दोन्ही हात मोकळेच, आणि क्रोशाची सुई बोथट. फिस्टुला असेल तर त्या हाताची बोटं किती हलवलेली चालतील हे टेक्निशियनला विचारायचं, आपलं आपण ठरवायचं नाही. कोपराजवळ टोचतात की मनगटाजवळ, यावर बरंच अवलंबून असतं. हात हलला आणि नळीतला दाब बदलला की मशीन ओरडतं, ते परवडलं. आतल्या आत सुई शिरेबाहेर गेली की हात वांग्यासारखा काळानिळा होतो.

दुसऱ्या दंडावर बीपीचा पट्टा असतो, म्हणजे भरणाऱ्याच हातावर. तो ठरावीक वेळाने आवळतो तेव्हा सुई चुंबकावर ठेवायची आणि हात सैल सोडायचा, नाहीतर आकडा चुकीचा येतो आणि सगळे धावत येतात. पहिला अर्धा तास मी पिशवीला हातच लावत नाही. टोचणं, चिकटपट्ट्या, बीटाडिन सगळं आटपू दे, नाहीतर पिवळट डाग मॅटीवर कायमचा. शेवटचा अर्धा तासही सोडून देते. अंगातलं पाणी बरंच निघालेलं असतं, बीपी खाली येतं, पायात गोळे येतात. त्या वेळी चुकलेले टाके दुसऱ्या दिवशी उसवावे लागतात, हे मी तीनदा केलंय. डोकं हलकं वाटलं, घाम फुटला, जांभया यायला लागल्या तर आधी सिस्टरांना हाक, टाका नंतर.

राहिलेलं थोडक्यात. पायांवर शाल, कारण रक्त अंगाबाहेर फिरून येतं आणि एसी चालू असतो. वाचायचा चष्मा. गळ्यात अडकवायचा छोटा दिवा, रात्री चार्ज करून. मधुमेहाने डोळे अधू झाले असतील तर तो हवाच. गडद रंगाचं कापड टाळायचं, तिथल्या उजेडात भोकं दिसत नाहीत. सगळं सामान चेन असलेल्या प्लॅस्टिकच्या पाऊचमध्ये; ते जमिनीवर ठेवायचं नाही, मशीनवरही नाही, आणि घरी आल्यावर पुसून घ्यायचं. नमुन्याचा कागद मोठ्या चौकटीचा, झालेल्या ओळी पेन्सिलीने खोडलेल्या. कापडावर रक्ताचा थेंब पडलाच तर लगेच गार पाणी. गरम पाण्याने डाग पक्का होतो.

बोटांकडे लक्ष असू द्या. फिस्टुलाच्या हाताची बोटं गार, पांढरी पडून दुखायला लागली किंवा कुठल्याही हाताचा अंगठा आणि त्याशेजारची बोटं रात्री बधिर व्हायला लागली, तर “भरून भरून झालं असेल” म्हणून सोडू नका. पहिल्याचा संबंध फिस्टुलाने ओढून नेलेल्या रक्ताशी असू शकतो, दुसऱ्याचा वर्षानुवर्षांच्या डायलिसिसमध्ये मनगटात दबणाऱ्या नसेशी. दोन्ही डॉक्टरांच्या कानावर घालायचं.

एकदा एका टेक्निशियन पोराने वापरून झालेला डायलायझर, म्हणजे रक्त गाळणारी नळी, उजेडाकडे धरून दाखवला. त्या हातभर नळीत दहा हजारांच्या आसपास पोकळ धागे असतात, केसासारखे बारीक, आणि रक्त त्यांच्यातून जातं. मी त्याला विचारलं, यांना पदर म्हणायचं की काय. तो हसला आणि म्हणाला, काकू, हे तुम्ही ओवू नका.

उद्याची पिशवी भरून दाराशी ठेवलीय. पाच सुयांत हिरवा आणि सहावीत चोचीसाठी केशरी. केशरी लडी आता हातभरच उरलीय, येताना आणायला हवी.